सात घरांचे वार

नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून हाकेच्या अंतरावर, जुना वाडा पाडून उभी राहिलेली एक इमारत आहे. पहिल्या मजल्यावर माई राहतात. यजमान अंथरुणाला खिळलेले, नाकाला ऑक्सिजनची नळी. त्यांच्या खिडकीच्या बरोबर खाली कट्टा. रात्री बारा वाजले की तिथे कोणाचा ना कोणाचा वाढदिवस. बुलेटचा फटफटाट, सीटवर ठेवलेला केक, तो तोंडाला फासताना आरडाओरडा. सकाळी झाडायला येणाऱ्या बाईंच्या वाट्याला थोटकं आणि क्रीमने चिकट झालेला रस्ता. पोरं जवळपासच्या अभ्यासिकांतली, एमपीएससी करणारी, कॉट बेसिसवर राहणारी.

सोसायटीची बैठक भरली. सेक्रेटरी तात्या तयारीनिशी आले होते. ‘ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा, राहत्या वस्तीत ४५ डेसिबल. ११२ फिरवायचा आणि मोकळं व्हायचं.’ कोणी म्हणालं, कट्ट्यावर काचा बसवा. कोणी म्हणालं, बाहेरून आलेली पोरं असलीच. त्यावर तळमजल्यावरच्या ताई उसळल्या. ‘२७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भररस्त्यात एक जण कोयता घेऊन मुलीच्या मागे धावत होता, तेव्हा मध्ये कोण पडलं? लेशपाल जवळगे. तोही परीक्षेसाठीच पुण्यात आलेला होता.’

माईंनी एवढंच विचारलं, ‘यांच्यातल्या एकाचं तरी नाव कोणाला ठाऊक आहे?’

कोणालाच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मालकांनाही नव्हतं, आणि त्यांच्या दोन खोल्यांत दहा खाटा होत्या. ‘भाडं खाटेमागे मोजून घेता,’ माई म्हणाल्या, ‘मग पोरं कोणाची, हेही तुम्हालाच सांगता यायला हवं.’

पुण्याला विद्यार्थी नवे नाहीत. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं, त्या काळात कितीतरी गरीब मुलं इथे माधुकरी मागून, वार लावून शिकली. आठवड्याचे सात वार, सात घरं. त्या जेवणात मिंधेपण होतं, पंक्तिभेद होता, जातही बघितली जायची; ते दिवस परत यावेत असं कोणी म्हणू नये. पण त्या मुलाला सात घरं ओळखत होती. आज मेसचं कार्ड पोट भरतं, ओळख कोणाशीच करून देत नाही. आणि ज्याला गल्लीत कोणी ओळखत नाही, त्याला लाज तरी कोणाची वाटावी?

‘आपण वार लावू या,’ माई म्हणाल्या. सात घरं तयार झाली. तात्या शेवटी, आणि कुरकुरतच.

रविवारी माईंकडे बीडचा मुलगा आला. हाच तो बुलेटवाला. वरण-भात, बटाट्याची भाजी. मान खाली घालून जेवला, ताट स्वतः उचललं. हात पुसत खिडकीशी गेला आणि थबकला. खाली कट्टा. मागे मशीनची घरघर.

‘आजी, इथपर्यंत आवाज येतो?’

‘सगळा येतो. पीएसआयच्या मैदानी चाचणीत तुझे गुण थोडक्यात गेले ना रे? त्या रात्री रडत होतास. आम्ही दोघंही जागेच होतो.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘अभ्यासिका बाराला सुटती. रूमवर पाच खाटा. बोललं की झोपलेले शिव्या देतेत. बसावं तर कुठं बसावं?’

हा प्रश्न पुढच्या बैठकीत आला आणि त्यावर खरी वादावादी झाली. अखेर पार्किंगचा मागचा कोपरा, एक दिवा आणि दोन सतरंज्या मुलांना मिळाल्या. आवाज मात्र दहानंतर बंद, वाढदिवस संध्याकाळी. मालकांनी दोन खाटा कमी केल्या, उरलेल्या आठ जणांचे करार केले, पोलिसांकडे रीतसर नोंद केली. नाखुशीनेच, पण केली. बुलेट गल्लीच्या तोंडाशी बंद होऊन ढकलत आत येऊ लागली.

सगळेच काही सुधारले नाहीत. दोघा-तिघांनी जेवायला यायचं नाकारलं. त्यांच्यातला एक जण एका रात्री पिऊन आला, शिव्या देत तीन स्कूटर लाथेने पाडल्या, अडवायला गेलेल्या वॉचमनची कॉलर धरली. तिथे माईसुद्धा ‘जाऊ दे’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी स्वतः ११२ फिरवला.

पोलीस आले. पार्किंगमध्ये सगळी इमारत गोळा झालेली, सतरंजीवरची मुलंही उठून उभी.

‘तक्रार कोण देतंय?’ हवालदारांनी वही उघडली.

तात्या चष्मा सावरत पुढे होणार, तोच बीडचा मुलगा म्हणाला, ‘मी देतो, साहेब. मी पाहिलंय.’ त्याने नाव सांगितलं.

‘राहणार?’

‘नारायण पेठ.’