धीर आणि लस

नागपंचमी जवळ आली की बत्तीस शिराळ्यात नागाच्या गोष्टी निघतातच. नाग पकडून गाडग्यात जपायचे आणि पंचमीला वाजतगाजत मिरवायचे, ही इथली जुनी प्रथा. न्यायालयाच्या आदेशांनंतर मिरवणुकीत जिवंत नागाच्या जागी प्रतिमा आली. पण भाताच्या बांधावर आणि वैरणीच्या गंजीत खरा नाग असतोच. घोणस असते, मण्यारही असते. मग एखाद्याला पान लागते, म्हणजे साप चावतो, आणि वस्तीवर एकच कालवा होतो.

अशा वेळी पहिला उपचार कोणता? सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत प्रथमोपचाराची पहिलीच पायरी आहे, रुग्णाला धीर द्या. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देणे, दवाखाना गाठणे, वाटेत दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगणे, हे सगळे त्यानंतर. मला हा क्रम फार आवडतो. एरवी मनाचा विषय निघाला की दवाखान्यात तो शेवटी, जाता जाता येतो.

धीर आधी देण्याला कारणही तसेच आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना मुंग्या येतात, बोटे आखडून वाकडी होतात, डोके गरगरते. भोवतीची माणसे म्हणतात, विष चढले! चावलेली साधी धामण असली तरी हे होऊ शकते, आणि ते सोंग नसते. शरीर खरोखरच तसे वागत असते. शापाच्या निव्वळ धास्तीने माणसे मरतात अशा हकिकतींचा हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी 1942 मध्ये गंभीरपणे विचार केला होता, तोही याच वाटेने.

मग भीती कुठली आणि विष कुठले, हे ओळखायचे कसे? डॉक्टर रुग्णाला वर बघायला सांगतात. पापण्या जड होऊन खाली येत असतील तर नाग किंवा मण्यारीचा संशय. दुसरी परीक्षा काचेच्या नळीची. स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे अजिबात हलवायचे नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरसे. काचेची नळी घाबरत नाही, हा तिचा मोठा गुण.

त्याच उपचारपद्धतीत एक हिशेब दिला आहे. शंभरातले सत्तर दंश बिनविषारी सापांचे, आणि विषारी सापाच्या दंशातही निम्म्या वेळाच विष अंगात उतरते. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी जण नुसत्या धीराने बरे होणारच. मंत्राने विष उतरवणाऱ्या भगताचा नावलौकिक याच पंच्याऐंशींवर उभा असतो. त्याचा धीर खोटा नसतो, भीतीने आलेली लक्षणे त्याने खरोखर उतरतात. उरलेल्या पंधरांपुढे मात्र त्याचे काही चालत नाही.

मण्यारीचे उदाहरण घ्या. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक की कित्येकांना जागही येत नाही. भीती नाही, आरडाओरडा नाही, मन अगदी शांत. तरी पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात आणि पुढे श्वास अडकतो. भीती विषाचे रूप घेऊ शकते, पण शांत मनाला विष उतरवता येत नाही. विषावर घोड्याच्या रक्तापासून बनवलेली लसच लागते, आणि श्वास बंद पडला तर कृत्रिम श्वासही.

म्हणून भगताला हाकलून द्या, असे मी म्हणणार नाही. गावाचा त्याच्यावर विश्वास आहे आणि अशा घडीला विश्वास कामाचा असतो. रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवावे, पुढे गाडी हाकणारा, मागे घट्ट धरून भगत. मंत्र म्हणायचा तर तो दवाखान्याच्या वाटेवर खुशाल म्हणावा.