वाचनक्रम आणि न्यायबुद्धी

अनेक भागांत विस्तारलेली अद्भुतरम्य कादंबरी कोणत्या क्रमाने वाचावी, हा प्रश्न समीक्षेने फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. भाग ज्या क्रमाने प्रसिद्ध झाले त्या क्रमाने वाचावेत, की त्यांतील घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने, हा सोयीचा आणि आवडीनिवडीचा भाग मानला जातो. वस्तुतः या प्रश्नात रसास्वादाइतकाच न्यायाचा प्रश्न गुंतलेला आहे. कथा वाचताना वाचक पात्रांविषयी निवाडे करीत जातो आणि तो निवाडा करताना त्याला किती ठाऊक असावे, हे क्रम ठरवतो. कृत्य आधी कळले आणि त्यामागचे कारण मागाहून कळले, तर दिलेला निवाडा मागे घेण्याची पाळी वाचकावर येते. कारण आधीच कळलेले असेल तर ती येत नाही. दोघांचा अंतिम निष्कर्ष एकच असू शकेल. परंतु त्यांनी केलेला नैतिक प्रवास एक नसतो.

घटनांचा मूळ क्रम आणि कथेतील त्यांची मांडणी यांतील भेद रशियन रूपवाद्यांनी दाखवून दिला आणि जेरार जनेत यांनी त्याचे अधिक सूक्ष्म विवेचन केले. मात्र हा विचार मुख्यतः एका संहितेच्या आतील क्रमाचा आहे. मालिकेच्या बाबतीत आणखी एक क्रम संभवतो, तो म्हणजे संहिता वाचकाच्या हाती येण्याचा. एका कादंबरीतील प्रकरणे उलटसुलट वाचण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. मालिकेतील भाग मात्र वाचक सहज मागेपुढे करू शकतो. हे स्वातंत्र्य असल्यामुळेच येथे उत्तरदायित्वाचा प्रश्न उपस्थित होतो.

सी. एस. लुईस यांच्या नार्नियाविषयक सात कादंबऱ्या हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ही पहिली कादंबरी १९५० मध्ये आली. नार्नियाच्या निर्मितीची कथा सांगणारी ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ १९५५ मध्ये, प्रकाशनक्रमाने सहावी म्हणून आली. एका बालवाचकाला १९५७ मध्ये लिहिलेल्या पत्रात लुईस यांनी घटनाक्रमाने वाचण्याकडे आपला कल दर्शवला. तथापि क्रमाला फार महत्त्व नसावे, असेही त्यांनी त्यात सुचवले. १९९४ मध्ये हार्पर कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने भागांना घटनाक्रमानुसार नवे क्रमांक दिले आणि सहावे पुस्तक पहिले झाले.

या बदलाने काय घडते, हे डिगरी या पात्रावरून स्पष्ट होते. १९५० च्या कादंबरीत तो वृद्ध प्राध्यापक आहे. कपाटातून आपण दुसऱ्या जगात जाऊन आलो, हे लहानग्या लूसीचे सांगणे तिची भावंडे खोटे मानतात. प्राध्यापक मात्र ते सहजासहजी फेटाळू देत नाही. वाचकाला त्यात त्याचे शहाणपण दिसते. पाच पुस्तकांनंतर उलगडा होतो की, ज्या चेटकिणीने नार्नियाला अखंड हिवाळ्यात लोटले, तिला जागवणारा आणि त्या जगात घेऊन येणारा मुलगा हाच होता. त्याच्या शहाणपणामागे अपराधाची स्मृती आहे, हे कळताच वाचकाला आपला आदर नव्याने तपासावा लागतो. नव्या क्रमाने वाचणाऱ्याला ही माहिती तंतोतंत मिळते, परंतु आधीच मिळते. प्राध्यापकाचा विश्वास त्याला ‘कळतो’. त्यासाठी स्वतःचा कोणताही निवाडा बदलावा लागत नाही.

यावर मराठी परंपरेतून एक गंभीर आक्षेप घेता येईल. जेथे कथा सर्वांना आधीपासून ठाऊक असते, तेथे अज्ञानावर आधारलेल्या या युक्तिवादाचे काय? धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव गोरा कुंभारांचे. नामस्मरणात चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचे मूल सापडले, पत्नीने आक्रोश केला, पुढे शपथभंगाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी आपले हात तोडले आणि अखेर पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हातही परत आले व मूलही, ही कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) घरोघरी पोचवली. मूल परत मिळणार, हे ठाऊक नसलेला श्रोता त्या परिसरात शोधूनही सापडणार नाही.

तरीही कीर्तनकार क्रम मोडीत नाही. मूल सुखरूप आहे असे सांगून तो चिखलाच्या प्रसंगाकडे वळत नाही. श्रोत्याला शेवट ठाऊक असला तरी आईच्या आक्रोशाला त्याचा पूर्ण अवधी मिळतो. हा अवधी काढून घेतला, तर गोरोबांची तल्लीनता निर्दोष ठरते आणि त्या माउलीचा संताप केवळ अज्ञानातून आलेला ठरतो. मधला काळ टिकतो म्हणून तिची तक्रार चमत्कारानंतरही पूर्णपणे पुसली जात नाही. यावरून जाणणे आणि भोगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात येते. क्रम केवळ उत्कंठेसाठी राखला जात नाही. प्रत्येक दुःखाला त्याच्या जागी वजन मिळावे म्हणूनही तो राखला जातो. या आक्षेपाने मूळ युक्तिवाद बाधित होत नाही, तर अधिक खोल होतो.

महाभारताने हीच जाणीव आणखी निराळ्या रीतीने वापरली आहे. कर्णाचे जन्मरहस्य वाचकाला आदिपर्वातच कळते. कर्णाला ते युद्धाच्या उंबरठ्यावर, उद्योगपर्वात कळते. युधिष्ठिराला युद्ध संपून मृतांना उदकदान करण्याच्या वेळी. वाचक येथे कुंतीच्या मौनाचा भागीदार होतो. कर्णाची कथा केवळ त्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ लावली आणि कोणाला काय केव्हा कळले याकडे दुर्लक्ष केले, तर शोकांतिका उरेल, पण ही भागीदारी उरणार नाही.

याचा अर्थ प्रकाशनक्रमाने न वाचणारा वाचक दोषी ठरतो, असा नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी रूढ झाली. भूम-परंड्याकडील एखाद्या ‘ड’ वर्ग वाचनालयात मालिकेचे सगळे भाग असतीलच, असे धरून चालता येत नाही. तिसरा भाग हाती लागला तर वाचक तिसऱ्यापासूनच सुरुवात करणार. त्याचे वाचन कनिष्ठ म्हणणे हे समीक्षेला शोभणारे नाही. किंबहुना अपुऱ्या माहितीवर मत बनवणे आणि मागचा भाग मिळताच ते बदलणे, हे त्याला इतरांहून अधिक वेळा करावे लागते.

म्हणून प्रकाशनक्रमाचा पुरस्कार लेखकाच्या अधिकारावर उभा करता येत नाही. नार्नियाच्या बाबतीत तर लेखकाचा कौल विरुद्ध बाजूला आहे. पहिल्या वाचनासाठी तो क्रम श्रेयस्कर ठरतो, याचे कारण वेगळे आहे. प्रत्यक्ष जीवनात माणसे आपल्यासमोर त्यांच्या बालपणापासून येत नाहीत. ती मध्येच भेटतात, त्यांचे कृत्य आधी दिसते आणि कारण उशिरा कळते, कधी कळतही नाही. घटनाक्रमाने केलेले वाचन दुसऱ्या खेपेस अवश्य करावे. त्यातून रचना उमजते. परंतु क्रमांक बदलून पहिल्या वाचनाची ही शक्यताच नाहीशी करणारा प्रकाशक वाचकाची सोय पाहताना त्याच्याकडून चुकीचा निवाडा करण्याची आणि तो सुधारण्याची संधी काढून घेतो. अभ्यासक्रमासाठी मालिकेतील एकच भाग नेमणाऱ्या अध्यापकावरही यातून एक जबाबदारी येते. त्या भागापुरता निवाडा अपुरा आहे, ही जाणीव त्याने विद्यार्थ्याला दिली पाहिजे. उरलेले भाग कोणत्याही क्रमाने हाती आले, तरी निकाल खुला ठेवण्याची सवय ही त्या जाणिवेतूनच लागते.