सोंग आणि ढोंग

एका खानावळीच्या फलकासाठी मी खडूनं लिहिल्यासारखा दिसणारा फाँट वापरला होता. काळी पाटी, भुरभुरीत कडा, मध्येच खडू अडखळल्यासारखी रिकामी जागा. वर मोठ्या अक्षरांत 'आजचा बेत'. मालक खूश झाले. काही महिन्यांनी तिथं जेवायला गेलो, तर फ्लेक्सवर बेत तोच : मटकीची उसळ, भाकरी, कढी. आणि तिन्ही 'क'च्या पोटात अगदी एकाच जागी तडा.

पूर्वी गल्ल्यावरचा मुलगा रोज सकाळी तिथं खडूनं लिहायचा. कधी 'ऊसळ' लिहायचा. पण ते वाचलं की आज कोणीतरी स्वयंपाकघरात डोकावून आलंय, एवढं नक्की कळायचं. खडूचं अक्षर उद्या पुसलं जाणार असतं, म्हणूनच ते आजचं असतं. मी ते रूप घेतलं आणि त्यातला शब्द मोडला.

यावर माझाच एक बचाव होता : नक्कल कुठला टाइप करत नाही? गुटेनबर्गचे खिळे लेखनिकांच्या हस्ताक्षरावर बेतलेले होते. आपल्या छापील देवनागरीतली जाड-बारीक रेघ बोरूच्या तिरक्या टोकाची आहे. खरं आहे. पण ती रेघ बोरूची आठवण ठेवते, 'मला आत्ताच कोणी लिहिलं' असं म्हणत नाही. तडा आणि भुरभुर मात्र नेमकं तेच म्हणतात. ओपनटाइपमध्ये एकाच अक्षराची अनेक रूपं आलटूनपालटून आणता येतात. तशी आणली असती, तर तीन 'क' वेगळे दिसले असते. चोरी पकडली गेली नसती, इतकंच.

मग खेळकर अक्षरं वापरायचीच नाहीत? तसंही नाही. एक टाइपचा 'मोदक' बघा. अक्षरं इतकी गुबगुबीत, की आतल्या पोकळ्यांच्या नुसत्या रेघा उरल्यात. ती उकडून काढली आहेत असं कोणी मानत नाही. ते सोंग आहे : आणणाऱ्यालाही ठाऊक, बघणाऱ्यालाही ठाऊक. सोंगात गंमत दोघांची असते, ढोंगात फायदा एकाचा.

पण फलक वाचणारं गिऱ्हाईक फसलं होतं का? बहुधा नाही, फ्लेक्स सगळ्यांना ओळखता येतो. मग मी कोणाचं काय घेतलं? उत्तर मला हनीफ कुरेशी यांच्या हँडपेंटेडटाइप प्रकल्पात सापडलं. रस्त्यावरच्या पेंटरांची रंगीत, थरांची अक्षरं त्यांनी संगणकावर आणली आणि फाँटला पेंटरचंच नाव दिलं : 'पेंटर कफील'. तिथंही हात नाही, हाताची नक्कलच आहे. पण हात कोणाचा, हे लपवलेलं नाही.

माझ्या फलकावर हात कोणाचाच नव्हता. ज्याचा होता, तो आता फक्त पैसे मोजतो. मालकांना मी सुचवलंय, की 'आजचा बेत' तेवढं राहू द्या, खालची जागा खरी काळी करून घ्या. ते म्हणाले, "मग रोज लिहिणार कोण?"

मी गल्ल्याकडे पाहिलं.