उतरवलेला देव

'वऱ्हाड निघालंय लंडनला' मी आधी कॅसेटवर ऐकलं, किनवटच्या भाड्याच्या खोलीत. पाहिलं त्यानंतर, नांदेडला. रंगमंचावर एकटे डॉ. लक्ष्मण देशपांडे आणि एक उपरणं. उपरणं डोक्याला गुंडाळलं की म्हातारा, डोईवरून पदर घेतला की बाई. अशी बावन्न पात्रं. लिहिणारा तोच, करणारा तोच. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं १९७९ पासून दोन हजारांवर प्रयोग केले, आपली मराठवाडी बोली मोठ्या रंगमंचावर नेली, गिनीज बुकात नाव गेलं. २००९ साली ते गेले.

लोक हसत होते आणि माझं लक्ष उपरण्यावर. डोक्यावरून ते खांद्यावर येईपर्यंत जो अर्धा क्षण जाई, त्यात समोर ना म्हातारा असे, ना बाई. मग कोण? वेदान्ती म्हणतील, साक्षी. मला शाळामास्तराला एवढंच कळलं, की डोक्यावर आहे ते उपरणं आहे हे ज्याला पक्कं ठाऊक, तो.

पण ही समज काही नाटकवाल्यांचीच नाही. किनवटच्या गोंड पाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर दंडारी निघते. त्यात घुसाडी नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगाला राख. टोप उतरेपर्यंत आंघोळ नाही, कारण तेवढे दिवस तो माणूस नसतो, देव असतो. माझ्या शाळेतल्या एका पोराचा बाप घुसाडी व्हायचा. एका वर्षी पाड्यावर गेलो, तर बायाबापड्या त्याच्या पायावर डोकं ठेवत होत्या. मीही वाकलो. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता.

दिवाळी झाली. तोच माणूस पोराच्या शिष्यवृत्तीचा कागद घेऊन शाळेत आला. न्हालेला, तेल लावलेला. चपला बाहेर काढून दाराशीच उभा राहिला.

"आत या की, बसा."

"नाई गुरुजी, हितंच बरं हाय."

मी कागदावर सही केली. त्यानं दोन्ही हात जोडले आणि तो गेला. देवपण उतरवायला त्याला एक आंघोळ पुरली होती. कुठं ओरखडा नाही, कसली हुरहुर नाही.

सोंग घेतल्यानं 'मी' हरवतो, असं आपण म्हणतो. मला उलटं दिसतं. बावन्न सोंगं घेणारा सुटतो, अडकतो तो एकच सोंग घेणारा. मी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. अजूनही दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केल्याशिवाय पुढं पाय निघत नाही आणि कुणी नुसतं 'काका' म्हटलं की टोचतं.

त्या दिवशी मी त्याला बसा म्हणालो खरा. पण ज्याच्या पाया पडलो होतो, तो दारात आला तेव्हा मी खुर्चीतून उठलो नव्हतो.