हाताला येईल अशी जागा

आमच्या ऑफिसात नव्याने लागलेली एक मुलगी परवा सकाळी कॉम्प्युटरसमोर नुसतीच बसून होती. एक छोटा प्रोग्रॅम अपडेट करायचा, तर स्क्रीनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी उघडली. पासवर्ड आयटीवाल्या दादांकडे, आणि दादा वरच्या मजल्यावर कुणाचा तरी प्रिंटर बघत होते. पाच मिनिटांच्या कामाला दुपार उजाडली. मला जास्त लागला तो तिचा संकोच. ‘दादा, जरा येता का?’ हे तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

पासवर्ड मागण्यात गैर काही नाही. विंडोजमधली ‘प्रोग्रॅम फाइल्स’ ही जागा बिल्डिंगच्या गच्चीसारखी, त्या मशीनवर बसणाऱ्या सगळ्यांची. तिची किल्ली सेक्रेटरींकडेच असलेली बरी. पण आपल्या गॅलरीत तुळशीची कुंडी ठेवायला सेक्रेटरींना कोण विचारतं? कॉम्प्युटरमध्येही प्रत्येक यूजरचं स्वतःचं फोल्डर असतंच. समोरच्याचा विचार करणारे प्रोग्रॅमर आपलं सॉफ्टवेअर तिथे बसेल अशी सोय करतात. व्हिज्युअल स्टुडिओ कोडने २०१८ मध्ये असाच ‘यूजर सेटअप’ दिला. त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही, पुढच्या अपडेटलाही नाही. कुलूप जागच्या जागी राहिलं, फक्त वस्तू ठेवायची जागा बदलली.

आमच्या दादांनीही तेच केलं. त्या प्रोग्रॅमचा यूजरच्या फोल्डरात बसणारा सेटअप शोधला आणि सगळ्यांच्या मशीनवर ‘सायलेंट’ पद्धतीने पाठवला. खिडकी नाही, प्रश्न नाही, ‘नेक्स्ट’वर क्लिक करणं नाही. सायलेंट म्हणजे लपूनछपून मात्र नव्हे. विंडोजचा इन्स्टॉलर काम संपलं की एक आकडा कळवतो. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण मशीन एकदा बंद करून चालू करा. काही बिनसलं तर त्याचाही वेगळा आकडा असतो. गाजावाजा नाही, पण हिशेब चोख. दादाही कुणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली, बसली आणि कामाला लागली, एवढंच.

मला आमच्या सासूबाई आठवल्या. नातू तीन वर्षांचा असताना पाण्यासाठी दिवसभर हाका मारायचा. कुणी ‘आले रे’ म्हणायचं, कुणी ‘थांब जरा’. एक दिवस सासूबाईंनी त्याचा छोटा पेला आणि पाण्याचा तांब्या खालच्या फळीवर आणून ठेवला. आपल्यापैकी प्रत्येकाकडे कसली ना कसली किल्ली असते. कपाटाची असते, एखाद्या फाइलीची असते, नुसत्या माहितीचीही असते. आज कामाला निघताना एवढंच आठवून बघू या : रोज माझ्याकडे कोण, काय मागायला येतं? त्यातलं काय मला त्यांच्या हाताशी ठेवता येईल? एखादी तरी गोष्ट सापडेलच. ती आजच खालच्या फळीवर ठेवू या. सासूबाईंचा नातू त्या दिवसापासून स्वतःच पाणी घेऊ लागला. आणि आठवडाभरातच, दोन्ही हातांनी पेला सांभाळत, ‘आजी, तुला हवं?’ असं विचारत तो सासूबाईंपाशी येऊन उभा राहिला.