पाणी कुणाच्या हातचं?

पाण्याला आपण जीवन म्हणतो. संस्कृतात तो पाण्याचा प्रतिशब्दच आहे. पण अमक्याच्या हातचं पाणी 'चालतं' की 'चालत नाही', हा प्रश्नही आपल्याच समाजात पिढ्यान् पिढ्या विचारला गेला. या दोन गोष्टी एकाच मनात शेजारी शेजारी कशा नांदल्या, याचा विचार मी पुन्हा करू लागलो तो एका अमेरिकन कलाकृतीमुळे.

न्यू मेक्सिकोतल्या शिल्पकार बाशा आयर्लंड यांनी १९९५ ते २००० अशी पाच वर्षं रिओ ग्रांदे नदीवर एक प्रकल्प केला. ही नदी कोलोरॅडोच्या पर्वतांत उगम पावते, न्यू मेक्सिकोतून वाहते, पुढे टेक्सास आणि मेक्सिको यांची सरहद्द होते आणि सुमारे ३,००० किलोमीटरांनंतर मेक्सिकोच्या आखाताला मिळते. मिळायला हवी, असं म्हणू या. २००१ साली ती समुद्रापर्यंत पोचलीच नव्हती. आयर्लंड यांनी केलं ते वरवर अगदी साधं. प्रवासी जवळ बाळगतात तसली पाण्याची एक बाटली नदीकाठच्या माणसांनी उगमापासून हातोहात खाली न्यायची. प्रत्येक टप्प्यावर तिथलं थोडं पाणी तिच्यात घालायचं, सोबतच्या वहीत चार ओळी लिहायच्या आणि खालच्या गावच्या माणसाच्या हाती द्यायची. होडीतून, घोड्यावरून, सायकलवरून, पायी अशी ती समुद्रापर्यंत गेली.

यात कला ती कुठली, असं कुणी विचारेल. मला वाटतं, ती त्या देण्याघेण्यात आहे. या नदीच्या पाण्याची वाटणी करारांनी झालेली आहे. तीन राज्यांचा १९३८ चा, दोन देशांचा १९४४ चा. करारात वरचा माणूस खालच्याला पाणी 'सोडतो'. सोडताना त्याचं तोंड पाहावं लागत नाही. बाटली मात्र कुणाच्या तरी हातातच द्यावी लागते.

त्या बाटलीने नदी स्वच्छ झाली नाही की पाणी वाढलं नाही, हा आक्षेप खराच आहे. चीनमधल्या चेंगदू शहरात बेट्सी डेमन या अमेरिकन कलावतीने १९९५ साली स्थानिक कलाकारांबरोबर नदीकाठी प्रयोग केले आणि १९९८ मध्ये तिथे एक उद्यान उभं राहिलं. नदीचं थोडं पाणी त्यातल्या वनस्पतींच्या तळ्यांतून जाऊन खरोखर शुद्ध होतं. पण अशी उदाहरणं थोडी. तरीही मी त्या बाटलीला निरुपयोगी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण महाडला आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचं पाणी प्याले. नगरपालिकेने तळं आधीच सर्वांना खुलं केलं होतं. अडत होतं ते कागदावर नव्हे, माणसांत. नंतर सवर्णांनी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. अस्पृश्यांच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. त्या 'शुद्ध' करणाऱ्यांची पाण्यावर श्रद्धा नव्हती असं कोण म्हणेल? भरपूर होती. तहानलेल्या माणसावर नव्हती.

महाडचा तो हक्काचा लढा; त्याला कलाप्रकल्पाच्या तागडीत घालणं बरोबर नाही. पण पाणी कुणाबरोबर प्यायचं, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

आता आपलं. इथली बरीच मंडळं गणपतीचं विसर्जन टबात करतात. ते योग्यच आहे, नदी-तळी घाण होता कामा नयेत. पण इथल्या नदीशी आपला संबंध त्यामुळे नळापुरताच उरला. कृष्णा-कोयनेची नावं आपल्याला पाठ. आपल्या नळाला कुठल्या नदीचं पाणी येतं आणि आपल्यानंतर ते कुणाकडे जातं, हे किती जणांना सांगता येईल? माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षी त्या टबाशेजारी एक घागर ठेवावी. प्रत्येकाने घरून पेलाभर पाणी आणून तिच्यात ओतावं आणि ते कुठल्या नदीचं, हे सांगावं. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, मराठी नसलेल्या मंडळींनाही निमंत्रण जावं. ती आली, तर त्यांच्या हातचं पाणी प्यायचं की नुसतंच घागरीत ओतून नमस्कार करायचा, ते त्या दिवशी ज्याने त्याने ठरवावं.