जाळे टिकते कशाने?

'जाळे' हा शब्द उत्तनच्या कोळीबांधवांना जितका जवळचा, तितकाच विजेच्या अभियंत्यांनाही. लोकरीच्या स्वेटरचा एक टाका सुटला की ओळच्या ओळ उसवत जाते. मासेमारीच्या जाळ्याचा धागा तुटला, तर भोक तेवढ्यापुरतेच राहते. कारण तेथे प्रत्येक छेदावर स्वतंत्र गाठ असते. जोडलेले असणे वेगळे आणि नीट बांधलेले असणे वेगळे.

12 ऑक्टोबर 2020 या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि आपल्या मीरा-भाईंदर परिसराने याचा अनुभव घेतला. कळवा-पडघे पट्ट्यातील 400 के.व्ही. वाहिन्या बंद पडल्या, उरलेल्यांवरचा भार वाढला आणि बघता बघता महानगर अंधारले. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. त्याआधी 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर भारतात याहून मोठा प्रसंग घडला होता. दुसऱ्या दिवशी तर सुमारे 60 कोटी लोकांच्या प्रदेशाची वीज गेली. दक्षिणेचे जाळे तेव्हा देशाच्या जाळ्याशी एकलयीत जोडलेले नव्हते. ते शाबूत राहिले.

मग अलिप्त राहावे हेच शहाणपण का? तसे नाही. वीजजाळ्यात सेकंदाला 50 आवर्तनांची लय सर्वांनी मिळून राखायची असते. एक केंद्र थकले की दुसरे भार उचलते, आणि हे जोडले गेल्यामुळेच शक्य होते. परंतु ज्या वाटेने मदत येते त्याच वाटेने संकटही येते. म्हणून अभियंते 'बेटाची' योजना करतात: मोठे जाळे कोसळू लागले की शहराने क्षणात वेगळे व्हायचे आणि स्वतःच्या केंद्रांवर तग धरायचा. मुंबईसाठी अशी योजना होती. पण त्या दिवशी शहरातील निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी ठरली आणि बेटही बुडाले. स्वतःची शिदोरी नसलेल्याला वेगळे होऊनही तरता येत नाही.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. संकटात दोर कापून स्वतःला वाचवणे हा स्वार्थ नव्हे काय? याचे उत्तर जलविद्युत केंद्रांजवळ आहे. कोळशावरचे केंद्र सुरू करायलाच बाहेरची बरीच वीज लागते. जलविद्युत केंद्र मात्र थोडक्या साधनांवर स्वतःहून चालू होऊ शकते. सर्वत्र अंधार असताना असे एखादे केंद्र प्रथम जागे होते आणि आपल्या विजेने शेजारच्याला उठवते. म्हणजे स्वतःचा दिवा राखणे पाप नाही. तो राखून दार लावून घेणे हे पाप आहे.

पोप पायस अकरावे यांनी 1931 साली 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात हाच विचार समाजरचनेसंदर्भात मांडला: जे काम लहान समूह करू शकतो, ते मोठ्या संस्थेने त्याच्याकडून काढून घेऊ नये, तिने त्याला हात द्यावा. वाचकहो, हा निकष आपण आपल्याच घराला लावून पाहू या. वीज गेली की मीरा रोडच्या उंच इमारतीत लिफ्ट थांबते, पंप थांबतो. बाराव्या मजल्यावरील एकट्या आजीला पाण्याची कळशी कोण नेऊन देणार? महापालिका नव्हे, धर्मगुरूही नव्हे. समोरच्या दाराचा शेजारी. त्या दोन दारांत आधीच गाठ बांधलेली नसेल, तर त्या दिवशी ती बांधायला वेळ मिळणार नाही.

ज्या धर्मग्रामातील प्रत्येक काम धर्मगुरूच्या टेबलावरूनच हलते, तो धर्मग्राम बलवान दिसतो; प्रत्यक्षात तो एका तारेवर लोंबकळत असतो. गल्लीगल्लीतील लहान समूह आपल्या आजाऱ्यांची, वृद्धांची, बेकार तरुणांची काळजी स्वतः घेतात, आणि भार झेपेनासा झाला की शेजारच्या समूहाला निःसंकोच हाक मारतात, तेथे एक धागा तुटला तरी मासळी निसटत नाही.